तिसऱ्या मुक्कामाचा डबा

सुलेखाताईंनी आयुष्यात एक रात्र तरी उपाशी काढावी आणि ती का काढावी लागली हे त्यांना नीट कळावं, एवढंच वसुधाला हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं. तीन वर्षं ती हे मागणं पोटात घेऊन सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या बाजारात भाजी घेत होती, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जात होती, सुलेखाताईंच्या हातून वाण घेऊन "छान आहे हं" म्हणत होती. नागीण डूख धरते म्हणतात. नागिणीला निदान हळदीकुंकवाला जावं लागत नाही.

सिंगापुरात सार्सची साथ आली, तेव्हाची गोष्ट. वसुधा खोकल्याचं औषध आणायला ज्या दवाखान्यात गेली, तिथेच त्या सकाळी बसून गेलेल्या एका माणसाला सार्स निघाला. झालं! वसुधाला आणि तिच्याबरोबर गेलेल्या बारा वर्षांच्या श्रियाला दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम आला. तिचा नवरा गोविंद हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत होता आणि नेमका कामासाठी रॉटरडॅमला अडकला होता. त्याच संध्याकाळी सुलेखाताईंचा फोन आला. त्या मंडळाच्या अध्यक्षा, आणि त्यांचे यजमान प्रबोध म्हणजे गोविंदचे साहेब. गोविंदला ती नोकरी त्यांनीच लावून दिलेली.

"अजिबात काळजी करायची नाही," सुलेखाताई म्हणाल्या. "तुम्हा मायलेकींचा डबा रोज माझ्याकडून. दारात ठेवून जाईन. मी सगळ्यांना सांगून टाकलंय, दुसऱ्या कोणी धावपळ करू नका म्हणून."

डबा आला नाही. पहिल्या दिवशी वसुधाला वाटलं, जमलं नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोन कसा करायचा? तिसऱ्या दिवशी तिने उल्का नावाच्या मैत्रिणीला सहज म्हणून फोन लावला, तर उल्काच म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, सुलेखाताईंच्या हातचं आयतं जेवतेयस. काल म्हणत होत्या, भरली वांगी दिली म्हणून." वसुधाने नुसतं "हो ना" म्हणून फोन ठेवला. मागायची तिला सवय नव्हती, आणि नवऱ्याचा हात दगडाखाली होता. घरातली डाळ संपली. शेजारची मलय आजी दोनदा दारात पाव ठेवून गेली, मग तिला तिच्या मुलाने नेलं. शेवटी शेवटी तांदूळ आणि मीठ राहिलं. वसुधा पेज करायची, श्रियाच्या वाटीत ओतायची आणि म्हणायची, "तू घे. माझा आज उपास आहे."

हेही ती विसरली असती. माणूस घाबरतं, शब्द मोडतं. पण गणपतीत मंडळाने सुलेखाताईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, साथीच्या काळात केलेल्या सेवेबद्दल. आणि ज्यांना डबा मिळाला त्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून वसुधाला पुढे बोलावलं. तोंडाला पानं पुसलेल्या बाईने पुढे होऊन "जेवण छान होतं" म्हणायचं! समोर पहिल्या रांगेत प्रबोध बसले होते, त्यांच्या शेजारी गोविंद. वसुधा दोन शब्द बोलली. सुलेखाताईंनी मान तिरकी करून नम्रपणे हसत ते घेतले. ते हसू वसुधाने जपून ठेवलं होतं.

मध्यंतरी गोविंदने नोकरी बदलली. हात दगडाखालून निघाला. आणि मग एका रविवारी सुलेखाताई स्वतःच्या पायांनी वसुधाच्या फ्लॅटमध्ये चालत आल्या.

"आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत," त्या सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाल्या. "जूनच्या सुट्टीत स्कॉटलंडला जायचं म्हणतोय. हॉटेलं नकोत बाई, ती काय इथे कमी आहेत? ती जुनी गावाकडची इन असतात ना, दगडी, खाली बार आणि वर खोल्या, तसल्या ठिकाणी उतरायचंय. तू तिकडची ना गं! आखून दे की सगळं."

वसुधा तिकडची होती ती अशी, की लग्नानंतरची पहिली दोन वर्षं गोविंद ॲबर्डीनला होता. दर शनिवारी दोघं एक खटारा गाडी काढून डोंगरात जायची आणि संध्याकाळी दिसेल त्या इनमध्ये मुक्काम करायची. बुटक्या दारातून वाकून आत जायचं, शेकोटीत पीट म्हणजे दलदलीतली वाळकी माती धुमसत असायची, भिंतीवर सांबराची शिंगं, कोपऱ्यात कोणाचं तरी ओलं कुत्रं. वाटाण्याचं दाट सूप आणि जाड कापलेला पाव. सकाळी लापशी, मीठ घालून. त्या दोन वर्षांत ती जेवढी हसली तेवढी पुढे कधी हसली नाही. सुलेखाताईंना आता ते सुद्धा हवं होतं, आणि तेही दुसऱ्याने राबून ताटात वाढलेलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात बाईचा हात कोणी धरला नसता.

"देते की," वसुधा म्हणाली. "त्यात काय!"

तिने मनापासून आखलं. पहिले दोन मुक्काम गावांतले, जिथे उशिरापर्यंत काही ना काही मिळतं. तिने सुलेखाताईंना एकेक बारकावा सांगितला. टेबलाशी बसून राहिलात तर कोणी विचारायला येणार नाही, बारशी जाऊन आपणच ऑर्डर द्यायची. लापशीवर साखर हवी तर मागून घ्यायची. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर बाजूच्या फुगवट्यात थांबायचं आणि हात करायचा. सुलेखाताई मान डोलवत होत्या.

एवढी एक गोष्ट तिने सांगितली नाही.

तिसरा मुक्काम खिंडीपलीकडे, तळ्याच्या टोकाला. आजूबाजूला मेंढ्या, दुसरं घर नाही, दुकान नाही. त्या इनचं स्वयंपाकघर आठला बंद होतं म्हणजे होतं. वसुधा आणि गोविंद एकदा तिथे उशिरा पोचले होते. उशीर झालाय हेच त्यांना कळलं नव्हतं, कारण जूनमध्ये तिकडे रात्री दहालासुद्धा लख्ख उजेड असतो. गल्ल्यामागच्या लाल गालांच्या बाईने अगदी प्रेमाने सांगितलं होतं, किचन बंद झालं हो. अंडं? नाही. टोस्ट? नाही. आचारी घरी गेला की देव आला तरी चूल पेटत नाही. ॲबर्डीनला सूर्याची ही लबाडी त्यांना ठाऊक होती तरी ते फसले होते. मग सिंगापूरचं माणूस तर फसणारच. इथे बारा महिने सातला सूर्य मावळतो आणि बारा महिने माणसं अंधार पडला की जेवायचं बघतात. आणि उशीर झाला तरी खाली हॉकर सेंटर असतंच, कोणीतरी नूडल्स परतत उभं असतं. या शहरात भुकेला वेळेचं बंधन नाही. स्वयंपाकघराला कुलूप लागू शकतं हे इथल्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही.

"आणि त्या तळ्यावर संध्याकाळी अजिबात घाई करू नका," वसुधा गोड आवाजात म्हणाली. "उजेड खूप वेळ असतो. खरी मजा तीच."

खोल्या सांगायला तिने स्वतः फोन केला. पलीकडच्या बाईने विचारलं, तुमची माणसं रात्री जेवणार का? आठनंतर आम्ही काही देत नाही, पण उशीर होणार असेल तर आधी कळवा, भांडंभर सूप आणि पाव काढून ठेवीन.

वसुधा क्षणभर थांबली. फक्त क्षणभर.

"नको," ती म्हणाली. "ते वेळेत येतील."

फोन ठेवला तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं, की तिने त्या दिवशी शिरा केला. पुढचं सगळं तिने मनात रंगवून ठेवलं होतं. सुलेखाताई दमूनभागून, भुकेने कावून त्या बारशी उभ्या आहेत. लाल गालांची बाई प्रेमाने मान हलवते आहे. आणि परत आल्यावर त्या तक्रार करतील, तेव्हा चारचौघांत वसुधा शांतपणे म्हणेल, मला माहीत होतं, ताई. कारण सूड घेतलेला समोरच्याला कळलाच नाही तर तो सूड कसला? तो नुसता योगायोग झाला.

दोन आठवड्यांनी गोविंद ऑफिसातून आला तो हसतच. "प्रबोध भेटले होते एमआरटीच्या गाडीत. त्यांची कादंबरी रुसून बसलीय, आईबाबांबरोबर एकटी कंटाळेन म्हणते. आपल्या श्रियाला नेतो म्हणाले. मी हो म्हणून टाकलं."

कादंबरी म्हणजे सुलेखाताईंची मुलगी, श्रियाच्या वर्गातली. श्रिया सोफ्यावरून उडी मारून उठली. "सीरियसली, बाबा? स्कॉटलंड?"

"मला विचारायचंत तरी," वसुधा म्हणाली.

"अगं, तुला आनंद होईल असं वाटलं. आपण जिथे राहिलो ते सगळं बघेल ना ती."

आता काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. वसुधाने फोन उचलला. एक फोन केला असता, सूप काढून ठेवा म्हटलं असतं, तर प्रश्न मिटत होता. सुलेखाताईंना नुसतं "आठच्या आत पोचा" म्हटलं असतं तरी मिटत होता. पण मग ती तिरकी मान पोटभर जेवली असती. तीन वर्षं साठवलेलं असं एका वाक्यात ओतून द्यायचं? वसुधाने फोन खाली ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

तिखटमिठाच्या पुऱ्या चार दिवस सहज टिकतात, त्यात तिकडची थंडी. एका मुलीला पुरतील एवढ्या तिने केल्या. मूठभर लसणीची चटणी घातली आणि डबा श्रियाच्या बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली सरकवला.

"हा तिसऱ्या मुक्कामाला उघडायचा," तिने बजावलं. "आधी नाही. आणि तुझी तू खायच्यास. सगळ्यांना वाटत बसू नकोस, समजलं?"

"व्हाय थर्ड?"

"मी सांगते म्हणून."

जूनमध्ये ती मंडळी गेली आणि जूनमध्येच परत आली. श्रिया थोडी काळवंडून, गप्प गप्प परतली. कशी झाली ट्रिप, तर ओके. इन कशी होती, तर नाइस. पंधरा वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त कोण काढणार? बॅग उपसताना वसुधाला डबा सापडला. रिकामा, स्वच्छ धुतलेला. पोरगी जेवली होती. वसुधाच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि ती शनिवारची वाट बघू लागली.

शनिवारी संध्याकाळी सुलेखाताईंच्या कॉन्डोत फोटो बघायला सगळ्यांना बोलावणं होतं. नंतर जेवण. वसुधाने ठेवणीतली निळी साडी नेसली. उल्का होती, मंडळातली आणखी पाच-सहा कुटुंबं होती. टीव्हीवर एकामागून एक फोटो सरकत होते. तळं, मेंढ्या, तळ्यापुढे सुलेखाताई, मेंढ्यांपुढे सुलेखाताई. मग ते दगडी घर आलं. पांढरी भिंत, बुटकं दार. वसुधा सावरून बसली.

"आणि इथे काय झालं ऐका," प्रबोध म्हणाले. "वसुधाने सांगितल्याप्रमाणे तळ्यावर मजा करत बसलो. दुपारी एकेक सँडविच खाल्लेलं, बास. लख्ख उजेड, आम्हाला वाटतंय सहा वाजलेत. इनवर पोचलो तर बाई म्हणते, किचन क्लोज्ड! मी म्हटलं, अहो, सूर्य डोक्यावर आहे. तर म्हणते, सूर्य आमच्याकडे कामाला नाही."

सगळे खो खो हसले.

"बारमध्ये फक्त चिप्स. त्याही बीफच्या चवीच्या! हिला तर चक्कर यायची वेळ आली."

"मग?" उल्काने विचारलं.

वसुधाने श्वास आत घेतला. वाक्य जिभेवर तयार होतं. पण सुलेखाताईंनीच हात वर करून प्रबोधना थांबवलं, आणि मान तिरकी केली. तीच मान.

"मग काय!" त्या नम्रपणे हसल्या. "मराठी बाईच्या सामानात तिखटमिठाच्या पुऱ्या नाहीत असं कधी झालंय का? काढला डबा, वाढल्या सगळ्यांना. आपण सोय करून निघतो म्हणून निभावतं, नाहीतर पोरं उपाशी झोपली असती."

प्रबोध घसा खाकरून फोटोकडे बघू लागले. कादंबरी म्हणाली, "मम्मी, प्लीज ला!" आणि तोंड फिरवलं. श्रियाने फक्त आईकडे पाहिलं.

वसुधाच्या डोक्यात जाळ झाला. डबा न देता शाल घेतली, आणि आता डबा खाऊनही शाल हीच घेणार!

"त्या पुऱ्या माझ्या होत्या, सुलेखाताई," ती उभी राहिली. "मी केल्या होत्या, श्रियासाठी. कारण ते किचन आठला बंद होतं हे मला ठाऊक होतं. त्या बाईने फोनवर विचारलंही होतं, सूप काढून ठेवू का. मी नको म्हटलं."

टीव्हीवर फोटो सरकत राहिले. कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

"ठाऊक होतं?" सुलेखाताईंचा आवाज चिरकला. "आणि सांगितलं नाहीस? मुद्दाम?"

"मुद्दाम. तुम्ही एक रात्र उपाशी राहावं म्हणून. आम्ही मायलेकी सार्सच्या वेळी तुमच्या डब्याची वाट बघत पेज पीत होतो. भरली वांगी दिलीत म्हणे तुम्ही! कुठे दिलीत? कोणाला?"

उल्काने पदर तोंडाला लावला. प्रबोध हळूच बायकोकडे वळले. "अगं, पण तू रोज डबा भरून न्यायचीस. मी बघायचो ना."

सुलेखाताईंची मान आता तिरकी नव्हती. "न्यायचे," त्या म्हणाल्या. "ब्लॉकखाली यायचे. लिफ्टशी उभी राहायचे. मला भीती वाटायची हो, घरी कादंबरी होती. वर जायला पाय उचलायचे नाहीत. मग परत यायचे."

"मग फोन करायचात. दुसऱ्या कोणाला तरी येऊ द्यायचंत. आणि शाल तरी घ्यायची नव्हती," वसुधा म्हणाली. सुलेखाताई मटकन खाली बसल्या आणि भरल्या घरात रडू लागल्या. वसुधाने ते रडणं डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला सांगायचं, तिला फार बरं वाटलं. मग ती गोविंदला म्हणाली, "चला," आणि जेवणाला न थांबता तिघं निघाली.

टॅक्सीत गोविंद खिडकीबाहेर बघत होता. सूप नको म्हटल्याचं त्यालाही आत्ताच कळलं होतं. श्रिया मध्ये बसली होती. वसुधाला पर्वा नव्हती. तीन वर्षांनी तिला पोट भरल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर श्रिया खोलीत गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"थर्ड स्टॉप," ती म्हणाली. "म्हणून तू थर्ड स्टॉप म्हणालीस. यू न्यू ऑलरेडी."

"तुझ्यासाठी दिल्या होत्या ना मी पुऱ्या?" वसुधा म्हणाली. "तुला उपाशी ठेवलं का? सगळ्यांना वाटू नकोस म्हणून बजावलंही होतं."

"आंटीचे हात थरथरत होते, आई. अंकल खुर्चीत डोकं धरून बसलेले. कादंबरी रडत होती. मी एकटीने रूममध्ये जाऊन खायचं? हाऊ कॅन?"

"मग थोड्या थोड्या घेतल्यात ना सगळ्यांनी?"

"त्यांनी घेतल्या. तिघांनाच पुरत नव्हत्या."

"आणि तू?"

श्रिया आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वसुधाला चाललं असतं.

"मी सांगितलं, माझा आज उपास आहे," श्रिया म्हणाली. "तू सांगायचीस तसं. बारा वर्षांची होते मी तेव्हा, आई, दोन नाही. मला माहीत होतं तुझा उपास नसायचा."

एवढं बोलून ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. जोरात आपटलंही नाही.

वसुधा ओट्याशी उभी होती. फळीवर तो डबा पालथा घातलेला होता. किती छान धुतलाय, असं चार दिवसांपूर्वी ती कौतुकाने म्हणाली होती. त्या खिंडीपलीकडच्या खोलीत रात्रभर उजेड असलेल्या खिडकीखाली तिची मुलगी रिकाम्या पोटी पडून होती, आणि त्याच वेळी इथे ती मनातल्या मनात सुलेखाताईंना उपाशी झोपवत होती. भांडंभर सूप त्या बाईने देऊ केलं होतं. नको असं तिनेच म्हटलं होतं.

गोविंद कपडे बदलून आला. त्याने सकाळचा भात आणि आमटी गरम करायला ठेवली, ताटं मांडली. श्रियाच्या दारावर टकटक केलं. "भूक नाही," आतून आवाज आला. तो परत येऊन बसला, भात वाढून घेतला आणि वसुधाच्या ताटाकडे डाव नेला.

"तुला वाढू ना?"

वसुधाने ताटावर हात आडवा धरला. नको का, असं त्याने विचारलं. सवयीने एक शब्द तिच्या तोंडाशी आला, तीन वर्षांपूर्वी रोज यायचा तोच. पण बंद दारापलीकडे श्रिया होती, आणि तिला सगळं ऐकू जात होतं. वसुधाला तो शब्द उच्चारता आला नाही.